मागची बाजू

दिवसभर मी पेशी मोजते.
रुवीच्या दवाखान्यात, तळमजल्यावर,
काचपट्टीवरच्या चौकटींमध्ये
तांबड्या किती, पांढऱ्या किती.
संध्याकाळी घरी येते आणि पुन्हा मोजते:
दोन धागे उभे, दोन आडवे,
सुई खाली, सुई वर.
रिसेप्शनवरची झुवैना विचारते,
तुला मोजायचा कंटाळा येत नाही?
येतो ना.
पण तिथे चुकलं तर कुणाचा तरी ताप चुकतो,
इथे चुकलं तर फक्त डोंगर.

डोंगर म्हणजे आमच्या गॅलरीसमोरचा.
अंगावर गवताचं पातं नाही,
करपल्या भाकरीसारखा काळपट, कडा तुटलेल्या,
आणि पायाशी पांढरी घरं,
पांढरी, पांढरी, मध्येच एखादं सायीच्या रंगाचं.
तीन वर्षं तो मला आवडला नाही.
चौथ्या वर्षी, वीज गेलेल्या एका दुपारी,
कळलं की ह्याला रंग नकोच आहेत.
एक काळा दोरा पुरे.
आणि घरांसाठी काहीच करायचं नाही,
कापड तसंच सोडायचं.

दोरा मोफिजुल देतो, अबायाच्या दुकानातला.
त्याच्याकडे काळ्याचे अकरा डबे:
हा निळा काळा, हा तपकिरी काळा,
हा धुतला की रडणारा.
काळ्यावर काळं भरण्यात त्याची वीस वर्षं गेली.
माझं कापड बोटांनी चाचपून म्हणाला,
दीदी, पांढऱ्यावर?
यात तर सगळं दिसणार.

उताराला टाके दाट.
ऊन पडतं तिथे नक्षीतली एक रेघ गाळायची,
पुढच्या घरात दोन,
मग नुसता ठिपका, बाळाला तीट लावावी तेवढा.
पुस्तकातल्या नक्ष्या, त्यांची ओकची फळं, त्यांच्या द्राक्षवेली,
मला काही केल्या आपल्या वाटेनात.
मी एसीची जाळी घेतली. खारकेची बी घेतली.
माथ्यावर ठिपक्यांची रांगोळी घेतली, सात ते एक.

टाका मात्र तोच,
निपाणीत शेजारची शांतव्वा इरकलीच्या पदरावर घालायची तो.
जाताना एक घर सोडून एक,
येताना सोडलेली घरं भरायची.
गाठ मारायची नाही, कधीच नाही.
मागून पुढून सारखं.
(हे सांगायला सोपं आहे.)

अँब्युलन्सच्या ड्रायव्हरचं नाव खमीस.
पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं,
गुरुवारी जन्मला म्हणून खमीस,
आमच्याकडे त्याला बाह्या असतात.
दोन फेऱ्यांच्या मध्ये तो पत्र्याच्या सावलीत बसून
कुम्मा शिवतो, डोक्यावरची गोल टोपी,
मोहरीएवढी भोकं, प्रत्येकाभोवती दोऱ्याचं कडं,
सायरन वाजला की सुई कॉलरला खोचतो.
सात महिने झाले, टोपी अर्धी.
कुणासाठी, तर म्हणतो, डोक्यासाठी.

काल त्याला डोंगर दाखवला.
वाटलं होतं, ओळखेल, वाह म्हणेल.
त्याने बघितलंच नाही.
आधी कापड उलटं केलं.

जाड बोट मागून हळूहळू फिरलं,
पायथ्यापासून, जाळीवरून, खारकेच्या बियांवरून,
बराच वेळ कुठे अडलं नाही, आणि मी मनात फुशारले.
मग खिंडीपाशी, डावीकडे, थांबलं.
एक गाठ. तिच्याभोवती चारपाच टाके,
घट्ट, घाईचे, वाकडे.

इधर क्या हुआ?

त्या रात्री फोन आला होता.
मी म्हटलं, दोरा संपला होता.

दोरा संपल्यावर असं होत नाही, तो म्हणाला,
हिंदीत, अगदी सावकाश,
आणि कापड सुलट करून
घडीवर घडी घालून परत दिलं.
टोपी मांडीवर घेतली.
पुढचं भोक शोधू लागला.

उसवावं का, म्हणून रात्री कात्री काढली.
समोर डोंगर होता तसा, दिवे लागलेले.
पुढून काही दिसत नाही.
कात्रीने मी नखं कापली.